शंभर कदमांचा हुकूम

मूर्तिजापूरच्या तहसिलीतल्या श्रावणने लिलावात फटफटी घेतली, त्या दिवसापासून रेल्वे आणि एसटी ही दोन्ही खाती त्याच्या दृष्टीने बंद पडल्यात जमा होती. गाडी पलटणीतली होती. तिचा आवाज स्टेशनपर्यंत जाई, आणि त्यामुळे ती स्वतः कधीकधी स्टेशनपर्यंत पोहोचली नाही तरी लोकांना ती येऊन गेल्यासारखी वाटे. तिच्यात खोट अशी एकच होती. एकदा थांबली की पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास, दोन माणसं आणि बराच शिवराळपणा लागे.

एकसष्ट सालच्या जूनमध्ये श्रावणच्या बायकोला, इंदूबाईला, अमरावतीहून पत्र आलं. मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत, सोमवारी सकाळी अकरा वाजता. उशिरा येणाऱ्या उमेदवाराचा विचार होणार नाही, असंही खाली लिहिलं होतं. इंदूबाई लग्नानंतर सातवी पास झालेली. दोन्ही घराण्यांत मिळून अशी ती पहिलीच बाई. तिने पत्र तीनदा वाचलं, पेटीतून नागपूरच्या दीक्षेच्या वेळी नेसलेलं पांढरं पातळ काढलं आणि म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जाऊ."

"गाडीनं?" श्रावणला हा शब्द लागला. "घरी फटफटी असताना? तुले मी सव्वा तासात अमरावतीले नेऊन ठेवतो. लोकं मुलाखतीले येतीन तवा तू दारात बसली असशीन."

"अन् वाटेत थांबली तं?"

"थांबवलीच नाई तं थांबनार कशी?"

यात अडचण एकच होती, ती म्हणजे अमरावतीच्या अलीकडे चार मैलांवरचा नाका. तिथे रस्त्यावर आडवा बांबू असे आणि बांबूच्या बाजूला बाजेवर नत्थुजी नाकेदार असे. बहुतेक वेळा दोघंही आडवेच असत. नत्थुजी उठून बांबू वर करीपर्यंत कोणतीही फटफटी गार झाली असती. पण श्रावणने हिशेब केला होता. बांबूचं एक टोक जरा वर राही. त्या बाजूने, वेग न सोडता, दोघांनी डोकी खाली घालून निघून जायचं.

त्याची तालीम रविवारी अंगणात झाली. फटफटी उभी करून तिच्यावर श्रावण आणि मागे इंदूबाई बसली. श्रावणची आई चतुराबाई कपडे वाळत घालायचा बांबू धरून समोर उभी राहिली. "वाक!" म्हटलं की दोघांनी वाकायचं आणि चतुराबाईंनी बांबू डोक्यावरून मागे न्यायचा. पहिल्या खेपेला "वाक" ऐकून चतुराबाई स्वतःच वाकल्या आणि बांबू श्रावणच्या कपाळावर बसला. दुसऱ्या खेपेला जमलं. पाचव्या खेपेला तर इतकं सुरेख जमलं की शेजारच्या मैनाबाई भाकरी थापायची सोडून कुंपणाशी आल्या.

"मी काय म्हंते," इंदूबाई उतरता उतरता म्हणाली, "दोघायनं डोस्कं खाली घातल्यावर रस्ता कोन पायते?"

"रस्ता सरळ हाये. त्याले काय पायाचं?"

सोमवारी साडेआठ वाजता फटफटी निघाली. श्रावणने कचेरीतला काळा कोट घातला होता. इंदूबाईच्या मांडीवर दाखल्यांची पिशवी होती. गाडी अशी पळाली की श्रावणला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. साडेनऊला नाका दिसला. श्रावण ओरडला, "वाक!" आणि दोघंही वाकली, तालमीपेक्षाही सुरेख.

आता नाक्यावर काय झालं होतं ते सांगायला हवं. नवे इंजिनिअर साहेब सोमवारी फटफटीवर तपासणीला येणार, असा निरोप नत्थुजीला शनिवारी मिळाला होता. त्याने रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावला, आंब्याच्या पानांचं तोरण केलं, बाजेवर साहेबांसाठी धुतलेली चादर अंथरली आणि फटफटीचा आवाज कानी पडताच, नोकरीत पहिल्यांदाच, बांबू वेळेवर वर केला. मग पाहतो तर साहेब त्यालाच वाकून नमस्कार करत येत होते. मागे बाईसाहेबही वाकलेल्या. नत्थुजीचे डोळे भरून आले. तोही कमरेतून वाकला.

अशा रीतीने त्या नाक्यावर तीन माणसं होती आणि तिघंही जमिनीकडे पाहत होती. रस्ता नाक्यापुढे थोडासा वळला होता. फटफटी वळली नाही. ती उरलेल्या चुन्याच्या पिंपावर गेली, तिथून बाजेवर आली आणि शेवटचा हुंदका देऊन बंद पडली. इंदूबाई बरोब्बर साहेबांच्या चादरीवर, पिशवीसकट, बसती झाली. तिच्या पातळाला डाग नव्हता. श्रावण मात्र पिंपात बसला होता आणि त्याचा काळा कोट काळा राहिला नव्हता.

"सायेब, लागलं तं नाई?" नत्थुजी धावला. "माही नोकरी घेऊ नका सायेब. चार लेकरं हायेत."

श्रावण तोंड उघडून खरं सांगणारच होता. पण आठ वर्षांच्या नोकरीत त्याला कोणी साहेब म्हटलं नव्हतं, आणि हा माणूस दोन वाक्यांत दोनदा म्हणाला होता. त्याने तोंड मिटलं आणि कोट झटकला.

"मले अकरा वाजता अमरावतीले पोचाचं हाये," इंदूबाई उठून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. ते ऐकून श्रावण फटफटीकडे धावला. फटफटीला त्याने पंचवीस लाथा मारल्या, नत्थुजीने पंचवीस मारल्या. ती हूं की चूं करीना.

तेवढ्यात एसटी आली. नत्थुजीने बांबू खाली टाकून ती अडवली, कंडक्टरला "सायबाच्या बाईसायेब हायेत" म्हणून पुढचं बाक रिकामं करायला लावलं. इंदूबाई पायरीवर चढली, वळली, आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी तपासनी करा, सायेब." एसटी निघाली तेव्हा दहा वाजले होते. श्रावणला हायसं वाटलं, आणि थोडं लागलंही.

मग नत्थुजीने गूळपाणी दिलं आणि शेऱ्याची वही पुढे केली. "सायेब, हे फटफटीवाले लय धोक्याचे हायेत. डोस्के खाली घालून बांबूखालून निंगतात. एखांद्याचं मुंडकं जाईन. एक हुकूम लिहून द्या."

इथे श्रावणचं चुकलं. आठ वर्षं त्याने तहसिलीत मसुदे लिहिले होते आणि प्रत्येकाखाली सही दुसऱ्याची झाली होती. आज वही समोर होती, टाक हातात होता आणि वर कोणी नव्हतं. त्याने लिहिलं: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, नाक्याच्या अलीकडे व पलीकडे प्रत्येकी पन्नास कदम फटफटीच्या चालकाने इंजिन बंद करून, खाली उतरून, गाडी हाताने ढकलीत न्यावी. यात कोणाचीही सबब ऐकिली जाणार नाही.' नत्थुजी इतक्या भक्तीने पाहत होता की श्रावणने 'पन्नास' खोडून 'शंभर' केलं. खाली कोणालाही वाचता येऊ नये अशी झोकदार सही ठोकली.

बाराच्या सुमारास खरेखुरे इंजिनिअर साहेब आले. नत्थुजीने शंभर कदमांवर लाल फडकं दाखवून त्यांना उतरवलं आणि भर उन्हात फटफटी ढकलायला लावली. साहेब तरुण होते, घामाघूम झाले. श्रावण कडेच्या कडुलिंबामागे गेला. पण पांढरा माणूस लिंबामागे कितीसा लपणार?

"हा हुकूम कोणी काढला?"

नत्थुजीने बोट दाखवलं. श्रावण पुढे आला. त्याला आपली नोकरी, इंदूची मुलाखत आणि चतुराबाईंचा बांबू हे सगळं एकदम आठवलं. "साहेब, मी तहसिलीतला कारकून. मसुदा लिहिला. सही चुकून झाली."

साहेबांनी वही पुन्हा वाचली. "मसुदा उत्तम आहे," ते म्हणाले. त्यांनी श्रावणची सही एका रेघेत खोडली, खाली आपली केली आणि आजपासून हुकूम लागू म्हणून सांगून निघून गेले.

चारच्या एसटीने इंदूबाई नाक्यावर उतरली. श्रावणला विचारायचा धीर होईना.

"झाली निवड," ती म्हणाली. "अर्धा तास अगोदर पोचली मी. चुना कुठं लागला असं मात्र कोनी विचारलं नाई, तुमी संग नव्हते ना." आणि ती इतकी हसली की श्रावणचा दिवसभराचा सगळा शीण उतरला. खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, पण ते त्याने चुन्यावर ढकललं.

"चाल," तो म्हणाला. "दोघं मिळून धक्का मारू, आता सुरू होईन."

"थांबा," नत्थुजी वही घेऊन आडवा आला. त्याच्या तोंडचा साहेब हा शब्द दुपारीच गेला होता. "इथून नाई. पयले शंभर कदम मांगं न्या, मंग तिथून ढकलत नाक्यातून पलीकडे शंभर. हुकूम हाये."

"अरे, तो हुकूम मीच लिहिला."

"सबब ऐकिली जानार नाई," नत्थुजीने बोट ठेवून वाचलं.

इंदूबाईने वही मागून घेतली. नव्या मास्तरणीने एकेक ओळ सावकाश, काना-मात्रा तपासत वाचली. मग वही परत दिली, पदर सावरला, आणि फटफटीच्या मागच्या बैठकीवर नीट बसली.

"अवं, उतर ना. ढकलाची हाये."

"हुकमात चालकानं उतरावं असं हाये," ती म्हणाली. "मांगं बसनाऱ्याचं तुमी काईच लिहिलं नाई."

नत्थुजीने वही पुन्हा पाहिली. बाईंचं बरोबर होतं. त्याने बांबू वर केला आणि कमरेतून वाकून तिला नमस्कार केला. श्रावणही वाकलाच होता, कारण त्याशिवाय फटफटी ढकलता येत नाही.