हालचाल रजिस्टर

"धावजीभाऊ, चार दिवसांत हेडसर माह्या बाजूनं नाही झाले, तर माहं नाव बदला!" नाहिद मॅडमनं शिपायाला ठणकावून सांगितलं.

विषय साधा होता. त्या साली कापसाचा भाव असा पडला की वेचायला मजूर लावणं कुणाला परवडेना. मग घरचीच लेकरं पहाटे वावरात अन् अकराला शाळेत. पहिल्या तासाला अर्धी चौथी बाकावर आडवी! निशिगंधा तर हजेरी सुरू असतानाच घोरायची. तिच्यासाठी मॅडमचा जीव तुटायचा. त्यांना फक्त पाच मिनिटं हवी होती, वर्गातच हातपाय हलवायला.

हेडमास्तर पुंडलिकराव म्हणाले, "लेखी द्या." माणूस वाईट नव्हता हो, पण कागदाशिवाय शिंकायचाही नाही!

मॅडमनं लिहिलं, 'वर्गात रोज पाच मिनिटे हालचाल करण्यास परवानगी मिळावी.'

सरांनी खाली शेरा मारला, 'हालचाल रजिस्टरमध्ये नोंद करून करावी.'

आता हे रजिस्टर कामासाठी बाहेर जाणाऱ्या मास्तरांचं. कुठे गेले, कधी गेले, कधी परतले. धावजीनं ते आणून टेबलावर आपटलं. बेचाळीस लेकरांची रांग लागली! पाच मिनिटांच्या उड्या अन् नोंदीला दीड तास! गणित बुडालं, मराठी बुडाली.

शेवटच्या तासाला सर रजिस्टर घेऊन तणतणत वर्गात. "हे काय? कुठे गेले, तर 'वर'! गेल्याची वेळ अकरा दहा, आल्याची वेळ अकरा दहा! कोणाचं हे?"

निशिगंधा उभी राहिली. "माह्यं, सर. उडी मारली नं. वर गेलती, लगेच आली."

"कायले गेलती?"

"झोप येऊन राह्यली होती, सर. पाचलेच उठतो आम्ही, कापूस वेचाले."

सरांनी तिची बोटं पाहिली, बोंडांनी ओरखडलेली. त्यांच्याही वावरात वेचणी चालू होती, अन् तिथंही कुणाची तरी लेकरंच होती. रजिस्टर मिटून ते म्हणाले, "उद्यापासून नोंद नको. मीच घेतो उड्या."

मॅडम हरखल्या. जिंकलं की मैदान!

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळा वर्ग उभा केला. निशिगंधाही उठायला लागली.

"तू नाही, बाई. तू झोप." खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी करून त्यांनी तिच्या डोक्याखाली ठेवली.

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. "अहो सर, तिच्यासाठीच तर हे सगळं...!"

"श्श! हळू उड्या मारा रे," चवड्यांवर नाचत सर कुजबुजले, "पोरगी उठन!"