तायडे काकांचा जुना दुश्मन

तायडे काका डोळ्यांना न दिसणाऱ्या प्राण्याला शिव्या घालतात. प्राणी म्हणजे मलेरियाचा जंतू. सरकारी नोकरीत सेमाडोहच्या जंगलाकडे तीस वर्षं लोकांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन काकांनी तो मायक्रोस्कोपखाली पकडला. निवृत्त होऊन शहरात, राजापेठेत आमच्या शेजारी आले, पण भांडण मिटलं नाही. काकांचा आवाज चढला की समोरच्या ट्यूशन क्लासमधल्या पोरांची गणितं चुकतात आणि दोन गल्ल्यांतले डास अकोल्याला बदली मागतात.

मागच्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मी गोळ्या सोडल्या. दीड महिन्यानं पुन्हा अशी हुडहुडी भरली, की पलंग चालत स्वयंपाकघरापर्यंत गेला.

काका पायरीवरूनच गरजत आले. "काहून सोडल्या बे गोळ्या?"

"ताप गेला होता ना, काका."

"ताप गेला! तो तुह्या लिवरात झोपून होता, लेका! त्याले डोकं नाही, पण सौदा कळते. रक्तात लई वाढला तं माणूस मरते. मंग डास काय मुडद्याले चावन? कमी वाढला तं डासाच्या पोटात पोचत नाही. म्हणून हरामखोर मोजूनमापून वाढते. याचा एक भाऊ तं माणसाच्या रक्तात घुसाले शिकला, अन् गोरिल्ल्याच्या रक्तात घुसणं गमावून बसला! एवढं सोडलं त्याच्या खानदानानं तुह्यासाठी. अन् तुले चौदा दिवस गोळी गिळाले जिवावर येते?"

जंतूच्या खानदानाचा त्याग ऐकून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी पुन्हा चौदा दिवस लिहून दिले. रोज सकाळी आठला काका दारात हजर. "गिळ. आ कर. जीभ वर कर." बायको चहा आणायची. "मी काय चहा प्याले आलो?" असं खेकसून ते दोन कप रिचवायचे.

पंधराव्या दिवशी आठला बेल वाजली.

"ताप?" काका गुरगुरले.

"नाही, काका. गोळ्याही संपल्या काल."

"मले मालूम हाये."

पण ते हलेनात. काकू गेल्यापासून त्यांच्या घरी ओरडा खायला कोणी उरलेलं नाही.

तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "काका, यांचा काही भरवसा नाही. अजून काही दिवस येत जा बरं!"

"मले वाटलंच होतं!" काका माझ्यावर कडाडले आणि घाईघाईनं चपला काढू लागले.