पाच सर्जनशील शिस्ती

सन १९७८च्या जानेवारीत मोंतान्य ब्लांश गावच्या देवराजची मुलगी भगवती हिला बो बासेंच्या नव्या ललितकला केंद्रात प्रवेश मिळाला, आणि त्याच आठवड्यात केंद्राची नियमावली मराठीत छापून आली. दोन्ही गोष्टींबद्दल आमच्या समाजाने एकाच सभेत आनंद व्यक्त केला. मुलीसाठी टाळ्या वाजल्या आणि नियमावलीसाठी नारळ फुटला.

मॉरिशसमध्ये भाषेचा कारभार सरळ आहे. माणूस इंग्रजीत अर्ज करतो, फ्रेंचमध्ये रुबाब करतो, क्रेओलमध्ये जगतो आणि मराठीचा अभिमान बाळगतो. शिरगणतीच्या कागदावर ‘तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती?’ असा एक रकाना असतो. तिथे आम्ही ठसठशीत अक्षरांत मराठीचं नाव भरतो आणि मग पुढच्या शिरगणतीपर्यंत त्या भाषेला त्रास देत नाही.

केंद्रातला प्रवेशही याच रकान्यावरून होता. प्रत्येक पूर्वजभाषेला ठरावीक जागा. आमच्या पूर्वजांच्या वाट्याला एक आली. आणि ज्या भाषेच्या जागेवर विद्यार्थी आला, त्या भाषेतली नियमावली त्याला लागू, असा ठराव होता. कोणावरही परक्या भाषेतला नियम लादू नये, हा हेतू. हेतू इतका चांगला होता की त्यातून काही वाईट निघेल अशी शंका कोणाला आली नाही.

मूळ इंग्रजी नियम साधा होता. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने चित्र, शिल्प, कुंभारकाम, गायन आणि नृत्य या पाचही कलाशाखांची ओळख करून घ्यावी, आणि वर्षाअखेर त्यांतली एक निवडावी. इंग्रजीत शाखेसाठी ‘डिसिप्लिन’ असा शब्द वापरला होता. भाषांतराचं काम ‘मराठी भाषा मानरक्षण समिती’ने हरिप्रसाद गुरुजींकडे दिलं. गुरुजी सें पिएर गावच्या ‘बैठके’त, म्हणजे समाजाच्या छोट्या सभागृहात, संध्याकाळी मुलांना बाराखडी शिकवत. त्यांनी शब्दकोश उघडला. पहिला अर्थ ‘शिस्त’ असा होता. दुसरा अर्थही होता. पण पहिला मिळाल्यावर दुसऱ्याच्या मागे लागणं हे गुरुजींच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी लिहिलं: ‘विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी पाचही सर्जनशील शिस्ती भोगाव्यात व वर्षाअखेर त्यांतील एक पत्करावी.’

समितीने हे भाषांतर एकमताने मंजूर केलं. वाचलं असतं तर कदाचित मतभेद झाले असते.

भगवती चुलीतला कोळसा घेऊन साखरेच्या रिकाम्या गोणीवर माणसांचे चेहरे काढायची. बसचा कंडक्टर, दुकानदार चिनी, तोडणीवरचा मुकादम. मुकादमाने आपला चेहरा पाहिला आणि तो दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही, इतका तो हुबेहूब होता. एकच चेहरा तिच्या हाताला येत नव्हता, तो तिच्या आईचा. गंगा हसली की तिच्या चेहऱ्यात काहीतरी सरकायचं, आणि ते काय सरकतं हे भगवतीला धरता येत नव्हतं. सगळी गोणी काळी व्हायची आणि आई निसटायची. ते धरायला शिकायचं, एवढ्यासाठी ती दोन बस बदलून बो बासेंला निघाली होती.

चित्रशाळेत चित्रकलेचे शिक्षक मिस्ये रोलांनी सगळ्यांना कागद वाटले. भगवतीने कोळसा उचलला, तोच केंद्राचे निबंधक नंदलाल आत आले. नंदलाल कर्तव्यदक्ष होते, म्हणजे नियम काय आहे ते त्यांना माहीत असे आणि तो का आहे हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

“मामझेल, कागद खाली ठेवा,” ते म्हणाले.

“का, मिस्ये?”

“तुमच्या नियमात कागद नाही. तुमच्या नियमात चित्रकलेची शिस्त आहे. मी तुमच्या समितीला फोन करून शब्दाचा अर्थ विचारून घेतला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोर. सा मेम रेग्लमां. हाच नियम.”

रोलां हसू लागले. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. “नंदलाल, मुलगी चित्र काढायला आलीय.”

“मिस्ये रोलां, तुम्हाला फ्रेंच नियमावली दिलेली आहे, ती तुम्ही पाळा. मराठी समाजाच्या नियमात तुम्ही हात घातलात तर उद्या पेपरात येईल.”

रोलांचं हसू थांबलं. पेपरात येण्याची भीती आमच्याकडे वादळापेक्षा मोठी आहे. वादळ निदान दोन दिवसांत जातं.

त्या दिवशी बाकीच्या मुलांनी एक पपई काढली. भगवतीने ती पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. आठवड्याने पपई पिकून गळली, तेव्हा तिची जागा अननसाने घेतली आणि भगवतीची जागा भगवतीनेच घेतली.

महिनाभराने देवराज समितीचे अध्यक्ष इंद्रदेवजी यांच्याकडे गेला. इंद्रदेवजी सरकारी नोकरीत वर चढलेले, बो बासेंला बंगला बांधून राहिलेले. त्यांच्या घरात मुलं फ्रेंच बोलत, कुत्र्याशी इंग्रजी चाले, आणि मराठी भिंतीवर चौकटीत होती.

“सायब,” देवराज म्हणाला, “पोरगी साळंत, लेकोलात जाते नि नुसती बसून येते. बसायचं तर घरी काय वाईट व्हतं? त्यो शब्द चुकलाय म्हनं.”

“कोण म्हणतं?”

“मिस्ये रोलां.”

“म्हणजे मराठीतली चूक आता आम्हाला क्रेओल माणूस दाखवणार?” इंद्रदेवजी उठून उभे राहिले. “देवराज, जरा विचार करा. आपल्या नियमावलीत चूक आहे असं आपणच सरकारला कळवायचं? उद्या ते म्हणतील, यांना मराठी येत नाही. परवा म्हणतील, मग हवी कशाला? तेलुगूवाल्यांनी आपल्या चुका कळवल्या का?”

“त्यांचं बराबर हाय, सायब. त्यांची पोरं चित्रं काढतात.”

“ते त्यांचं ते बघतील. आपण आपल्या शब्दामागे उभं राहायचं.”

आणि समिती खरोखरच उभी राहिली. पुढच्या सभेत ठराव झाला की शिस्त ही मराठी माणसाची प्राचीन परंपरा असून, अन्य समाज निव्वळ कलेत रमत असताना आपण शिस्तीत रमतो, याचा सभेला अभिमान वाटतो. सबब केंद्राने स्वतंत्र मराठी शिस्तशिक्षक नेमावा. सरकारला रंग, कागद आणि माती यांच्यापेक्षा हे स्वस्त वाटलं. मागणी लगेच मान्य झाली आणि नेमणूक हरिप्रसाद गुरुजींची झाली. शब्द चुकवला त्यांनी, पगारही त्यांनाच. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग शिक्षणाला वेग आला. शिल्पाच्या वर्गात इतर मुलं दगड फोडत, आणि भगवती गुरुजींच्या सांगण्यावरून दगडासारखी उभी राही. गायनात ओठ मिटून श्वास मोजायचा, नृत्यात पाय जागच्या जागी ठेवायचे. एकदा तबल्याबरोबर तिचा अंगठा हलला, तर गुरुजींनी तिला समज दिली. “अगं, अंगठ्यापासूनच अधःपात सुरू होतो,” ते म्हणाले. केंद्राचे संचालक पाहुण्यांना वर्ग दाखवायला आणत. पाहुणे विचारत, ही मुलगी काय करते? संचालक आवाज खाली आणून सांगत, “ही मराठी आहे.” मग पाहुणेही आदराने गप्प होत.

कुंभारकामाच्या वर्गात मात्र गफलत झाली. तिथे तिचं काम इतरांची मडकी रांगेत लावण्याचं होतं. गुरुजींना जेवणानंतर डुलकी लागली. ओल्या मातीचा एक गोळा हाताशी होता. सहा महिने गुडघ्यांवर ठेवलेले हात. ते आपोआप मातीकडे गेले म्हणा ना. गुरुजी जागे झाले तेव्हा समोर मातीचे गुरुजी झोपले होते. उघडं तोंड, ओघळलेले गाल, आणि झोपेतही बरोबर असल्याचा तो भाव. सगळा वर्ग भोवती जमला होता आणि रोलां दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

चौकशी झाली. आरोप होता, शिस्तीच्या तासाला कला केल्याचा. मुलीचं नाव पटावरून काढलं तर समाजाची जागा जाणार, आणि जागा गेली तर ती परत मिळणार नाही, असं नंदलालांनी स्पष्ट केलं. इंद्रदेवजींनी देवराजला बाजूला घेऊन सांगितलं, “तुमच्या मुलीपायी सगळ्या समाजाचं नुकसान होईल.” देवराजने मुलीकडे पाहिलं. भगवतीने पुढे होऊन माफी मागितली. मातीचं डोकं गुरुजींनी स्वतःच्या मुठीने दाबून पुन्हा हौदात टाकलं. या ठिकाणी मला विनोद सुचत नाही. त्या पोरीने वर्षभरात केलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती चांगली होती.

नोव्हेंबरात वर्षाअखेरचा समारंभ ठरला, आणि त्यासाठी पुण्याहून एक प्राध्यापक येणार असं कळलं. समुद्रापारच्या मराठीचे अभ्यासक, मोठं नाव. नियम दुरुस्त करा म्हणून रोलां संचालकांच्या मागे लागलेच होते. शेवटी संचालक म्हणाले, “मराठीच्या बाबतीत प्राध्यापकांचा शब्द अखेरचा. ते चूक म्हणाले तर मी त्याच दिवशी नियम बदलतो आणि मुलीला चित्रशाळेत बसवतो.” समितीला यावर नाही म्हणता येईना. पुण्याच्या माणसाला नाही कसं म्हणणार?

“पुन्याचा मानूस,” देवराज घरी म्हणाला. “त्याला तरी शब्द कळंल.”

भगवतीच्या मनात सगळं क्रेओलमध्ये येई. मराठी तिला कळायची, पण तोंडात बसत नव्हती. आईने तिच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. भांडी घासताना, केस विंचरताना, बसची वाट पाहताना ती तीच वाक्यं घोळवत राहिली. गंगा म्हणाली, “नीट सांग गो. घाबरू नको. आपलाच मानूस हाय त्यो.”

समारंभाच्या दिवशी दालनात इतरांची चित्रं, मूर्ती आणि मडकी मांडली होती. मराठी विभागात नऊवारी नेसलेली भगवती एका कोऱ्या चौकटीशेजारी ताठ उभी होती. प्राध्यापक तिथे आले, थांबले, आणि म्हणाले, “वा! हे आमच्याकडे उरलं नाही हो.” गुरुजींनी मान लववली. मग प्राध्यापक तिच्याकडे वळले. “बाळ, तुला काही सांगायचंय असं संचालक म्हणतात. बोल. संकोच करू नकोस.”

त्यांनी खांद्याला अडकवलेल्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. इंद्रदेवजींच्या कपाळावर घाम आला होता.

“सायब,” भगवती म्हणाली, “मला मानसांची त्वांडं चितारायची व्हती. माज्या आयचं त्वांड चितारायचं व्हतं. ह्यांनी सालभर हात बांधून बशिवलं. आता तुमीच सांगा, म्या काय करू?”

प्राध्यापकांचे डोळे भरून आले. रोलांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते डोळे पाहून त्यांनी देवराजचा हात घट्ट धरला.

“त्वांडं!” प्राध्यापक पुटपुटले. “चितारायची! बशिवलं! अहो, शंभरावर वर्षं समुद्रापलीकडे राहून हे ‘चितारणं’ जसंच्या तसं! आमची मुलं ‘पेंटिंग करते’ म्हणतात हो!” त्यांनी फीत मागे फिरवली. “पुन्हा एकदा म्हण, बाळ. सावकाश. ‘त्वांडं’वर जरा जोर दे.”

भगवती पुन्हा म्हणाली. मागे कोणीतरी खोकलं म्हणून तिसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला, तेव्हा प्राध्यापकांनी वहीत ‘भावपूर्ण उच्चार’ अशी नोंद केली.

“सायब,” देवराज पुढे झाला, “पोरगी इचारती काय आन् तुमी…”

“‘इचारती’!” प्राध्यापक त्याच्याकडे वळले. “थांबा, तुम्हीही यंत्राजवळ या.”

संचालकांनी घसा साफ करून विचारलं, नियमावलीत काही चूक आहे का?

“चूक?” प्राध्यापक म्हणाले. “इतकी अस्सल मराठी राखणाऱ्यांची चूक मी काढू? मी इथे शिकायला आलोय!”

टाळ्या बराच वेळ चालल्या. इंद्रदेवजींनी घाम पुसला. नियमावलीची दुसरी आवृत्ती निघाली, तीत प्राध्यापकांचा अभिप्राय छापला.

भगवतीने कोणतीच शिस्त पत्करली नाही. ती स्वेटरच्या कारखान्यात लागली. तिथे निदान हातांना काम आहे. गोणीवर ती आता चेहरे काढत नाही. चार वर्षांपूर्वी गंगा गेली. घरात तिचा फोटो आहे, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती हसलेली नाही.

ती फीत पुढे पुण्यात एका परिषदेत वाजवली गेली, असं समितीच्या अहवालात आहे. ऐकणारे विद्वान सद्गदित झाले. त्यांना हसण्याचा अधिकार मात्र, वाचकहो, तुम्हाला नाही. मघाशी ती बोलली तेव्हा तुम्हीही जरा थांबलात, आणि किती गोड बोलते पोर, असं मनाशी म्हणालात. तिने एक प्रश्न विचारला होता. ‘म्या काय करू?’ तुम्हाला त्यातलं ‘म्या’ तेवढं ऐकू आलं.