पंख्याच्या तीन टिकल्या

एकमत झाल्याशिवाय कोणतेही काम सुरू होत नाही, आणि एकमत झाले की काम सुरू करण्याची गरज उरत नाही. हे सत्य आमच्या कचेरीला फार लवकर उमगले. पडून असलेल्या त्रेचाळीस कामांपैकी आधी कोणते करायचे हे ठरवणे, हेच चव्वेचाळिसावे काम म्हणून मंजूर झाले. ते चित्ररूपाने व्हायचे होते. (बोलून ठरवण्याचा प्रयोग सात वर्षे झाला होता.)

त्यासाठी प्रशिक्षक आले. मोकळी भिंत फक्त जावकबाईंच्या खोलीत होती. जावकबाई म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालावर शिक्के मारणाऱ्या बाई. त्यांच्या खुर्चीवरचा छताचा पंखा एका बोल्टवर लटकत होता, म्हणून त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली होती आणि त्या स्वतः एका पुठ्ठ्याने वारा घेत असत.

भिंतीवर महत्त्व आणि तातडी यांचे चार चौकोन आखले गेले. कामे पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहिली गेली, आणि माणशी तीन लाल टिकल्या वाटण्यात आल्या. जिच्यावर टिकली, ती चिठ्ठी टिकली. नियम इतका सोपा होता की साहेबांनाही दोनदाच समजावून सांगावा लागला.

मतदान अत्यंत मोकळ्या वातावरणात पार पडले. साहेबांनी पहिली टिकली ‘केबिनचा पडदा’ या चिठ्ठीवर लावली, आणि मग सगळे मोकळेपणाने तिकडे वळले. तेरा जणांच्या एकोणचाळीस टिकल्या अशा: पडदा एकतीस, बोधचिन्हाचा रंग पाच, पंखा तीन. (तिन्ही जावकबाईंच्याच.)

“ताई, स्वतःच्या कामाला स्वतःच मत द्यायचं नसतं,” असे म्हणत प्रशिक्षकांनी त्या तिन्ही नखाने खरवडून काढल्या.

“मग पडदा कुणाचा आहे?”

“साहेबांचं ते मत नव्हे. दिशादर्शन.”

“अहो, पण पंखा पडेल ना डोक्यात!”

“पडलाय का?”

“अजून नाही.”

“मग तातडीचं नाही.”

पंखा ‘महत्त्वाचे, पण तातडीचे नाही’ या चौकोनात गेला. खरे सांगायचे तर मतदानाच्या वेळी माझी तिसरी टिकली मी बराच वेळ बोटावर धरून उभा होतो. पंख्याकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, आणि पडद्यावर लावली. मला लाज वाटली. पण लाजेसाठी चौकोन नव्हता.

एवढ्या लोकशाहीने खोलीत उकडू लागले. “पंखा लावा की जरा,” साहेब म्हणाले. हेडक्लार्कने चिकटपट्टी सोलली आणि बटण दाबले. जावकबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. पंख्याने असा काही जोर धरला की त्रेचाळीसही चिठ्ठ्या भिंत सोडून उडाल्या. त्या गोळा करायला आम्ही बारा जण आणि प्रशिक्षक टेबलांखाली शिरलो. “आधी पडदा शोधा!” साहेब टेबलाखालून ओरडले, आणि त्याच क्षणी पंखा खाली आला. जावकबाईंच्या खुर्चीचे दोन तुकडे झाले. इजा कुणालाही नाही. (सामूहिक कृतीचे महत्त्व यातून सिद्ध झाले.)

अहवालात नोंद आहे: ‘छताला पंखा न उरल्याने पंख्याचे काम पूर्ण.’ सात वर्षांत पूर्ण झालेले हे आमचे पहिले काम.

जावकबाईंनी लगेच ‘खुर्ची’ अशी नवी चिठ्ठी लिहून आणली. पण टिकल्या संपल्या होत्या. आता जावकबाई दिवसभर उभ्याने शिक्के मारतात. संध्याकाळी गुडघे सुजतात. पडदा मात्र छान आहे.

तुम्ही हसलात, याचा आनंद आहे. तुमच्याही घरात काहीतरी कधीपासून खडखडते आहे, आणि कुणीतरी तुम्हाला ते दोनदा सांगितलेही आहे. आता ते आठवले असेल. तरी तुम्ही न उठता वाचत इथवर आलात, तेव्हा ते कुठल्या चौकोनात आहे हे ठरवायला टिकल्या लागणार नाहीत.