अमेरिसियमचा डबा

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी., तेही नागपूरहून! बेसमेंटच्या छताला लावलेला स्मोक अलार्म सासूबाईंना समजावून सांगणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

गोष्ट २०१७ च्या जानेवारीतली, कॅनडातल्या ब्रॅम्पटनमधल्या आमच्या भाड्याच्या बेसमेंटची. सासूबाई देवयानीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी ठेच्यासाठी मिरच्या परतल्या आणि अलार्मने घर डोक्यावर घेतलं. मी स्टुलावर चढून तो काढला, टेबलावर ठेवला आणि तिथेच व्याख्यान सुरू केलं.

"आई, यात अमेरिसियम असतं! खाणीत मिळत नाही, अणुभट्टीत तयार करतात. किरणोत्सारी! निम्मं व्हायलाच चारशे बत्तीस वर्षं लागतात! त्याच्या कणांमुळे आत बारीकसा करंट वाहतो. धूर आला की तो कमी होतो आणि हा बोंबलतो. तेलाच्या विहिरी तपासायलासुद्धा वापरतात!"

"किरणोत्सारी? अहो जावईबापू, तिला सातवा लागलाय!"

"साधा कागद अडवतो हो ते कण!"

मी अंघोळ करून येतो तर टेबलावरचा अलार्म गायब! तेवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालक चिरागभाईंचा फोन. "इन्शुरन्सवाला आ रहा है! अलार्म नहीं दिखा तो बेसमेंट खाली करना पड़ेगा!"

बाहेर उणे वीस! देवयानी रडकुंडीला आली. "आई, कुठे ठेवलास गं?"

"बाळंतपण होईपर्यंत सांगायची नाही!"

मी गाद्या उलथ्या केल्या, ड्रायरमध्ये डोकं घातलं, तांदूळ उपसले. दारावर थाप. चिरागभाई! आता यांना दारातच थोपवायला हवं. ओट्यावर त्यांच्याच घरून ढोकळा आलेला स्टीलचा डबा दिसला. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. उचलला तर चांगला जड! सासूबाईंनी लाडू भरलेले दिसतात. मी तो चिरागभाईंच्या हातात कोंबला.

"अहो, तो नको!" सासूबाई किंचाळल्या.

"असू द्या हो आई, आपल्याला पुन्हा करा!"

डबा बोलला, "टिंव!"

चिरागभाईंनी झाकण उघडलं. आत कागदाच्या सात-आठ घड्यांमध्ये गुंडाळलेला अलार्म! कागदाचं मीच सांगितलं होतं ना.

"हात मत लगाओ! किरणोत्सारी! रेडिओवाला!" सासूबाई ओरडल्या.

चिरागभाईंनी चष्मा लावून अलार्म उलटा केला. "कुछ नहीं है माँजी, बैटरी लो है. ये तो लाइटवाला मॉडल है, रेडियोएक्टिव कुछ डाला ही नहीं. पीछे लिखा है ना!"

त्यांनी नवी बॅटरी घालून अलार्म स्वतः लावला. पाच मिनिटांत इन्शुरन्सवाला आला, पाहून गेला. घर वाचलं! देवयानी पोट धरून हसत सुटली.

सासूबाई शांतपणे मिरच्यांकडे वळल्या. "जावईबापू, एम.एस्सी.ला मागची बाजू वाचायला शिकवत नाहीत का हो?"

तेव्हापासून आमच्याकडे ठेचा होतो तेव्हा स्टुलावर उभं राहून अलार्मला पुठ्ठ्याने वारा घालायचं काम फिजिक्स विभागाकडे आहे!