मांजर वगळण्यास हरकत नाही

तळमजल्यावरच्या काकूंनी स्वयंपाकघराची खिडकी दोन वर्षांत उघडली नव्हती. खिडकीसमोर सोसायटीची भिंत होती आणि भिंतीशी कचरा होता. ती कचरा टाकायची जागा नव्हे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तिथे तशी पाटी होती. लोक पाटी वाचायला थांबायचे आणि थांबलोच आहोत तर म्हणून पिशवी ठेवून जायचे.

“त्या भिंतीवर एखादं चित्र काढा,” काकू कमिटीच्या बैठकीत म्हणाल्या. “चांगल्या चित्रासमोर घाण टाकायला माणसाचा हात धजत नाही. भाजी करपली की धूर तीन-तीन दिवस माझ्या घरी मुक्कामाला असतो हो!”

चित्रही त्यांनीच सुचवलं. खुर्चीत डुलकी लागलेली एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर मांजर. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका चित्रकार बाईंचं ते चित्र दातांच्या दवाखान्यात टांगलेलं होतं. त्यामुळे सगळ्यांनी ते गाल धरून का होईना, पण निवांत पाहिलं होतं.

“रंगाऱ्याला सांगा, उद्यापासून लाग म्हणावं,” अध्यक्ष म्हणाले.

“आणि परवानगी?” सेक्रेटरी दचकून म्हणाले.

सेक्रेटरींची चौतीस वर्षं परवाना खात्यात गेली होती. लग्नाआधी त्यांनी बायकोचा होकार दोन प्रतींत घेतला होता. एक प्रत अजून फायलीत होती. दुसरी बायकोने पहिल्याच वर्षी फाडली होती. पण या वेळी त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्याचं चित्र न विचारता उचलू नये. त्यांनी काकूंच्या खिडकीची हकिकत सांगून बाईंना पत्र लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘खुशाल काढा. खिडकी उघडली की कळवा.’

गोष्ट इथे संपायची. पण सेक्रेटरींनी ते पत्र कमिटीपुढे वाचलं, सोबत चित्राचा फोटो फिरवला, आणि गाल न धरता ते चित्र सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“म्हातारी झोपलीय,” अध्यक्ष म्हणाले.

“मग? चित्रच तसं आहे.”

“आपला वॉचमन बघेल ना. त्याला वाटेल, सोसायटीचं धोरणच आहे.”

म्हातारीला जागं करायचं ठरलं. पण परवानगी झोपलेल्या म्हातारीची होती. सेक्रेटरींनी दुसरं पत्र लिहिलं. उत्तर आलं : ‘करा जागी. बिचारीची झोप तशीही झालीच असेल.’

मग खजिनदार बोलले. सोसायटीतल्या मांजराने त्यांच्या स्कूटरच्या सीटमधला स्पंज तीनदा बाहेर काढला होता. “भिंतीवर मांजर काढलं, की ते स्वतःला सभासद समजायला लागेल,” ते म्हणाले. तिसरं पत्र गेलं. उत्तर : ‘मांजर वगळण्यास हरकत नाही. मात्र मांजराला तुम्ही सांगा.’

आता म्हातारी जागी होती आणि तिची मांडी रिकामी होती. ती नुसती बसलेली बरी दिसेना, म्हणून तिच्या हातात कचऱ्याचा डबा द्यायचं ठरलं. म्हणजे संदेशही जाईल. चौथं पत्र. ‘द्या.’

मंजुरी आली आणि अध्यक्षांना घाम फुटला. “हातात डबा घेतल्यावर ही अगदी माझ्या सासूबाईंसारखी दिसते हो! त्या म्हणतील, जावई आम्हाला कचरा टाकायला लावतो म्हणून भिंतीवर जाहीर केलंय.”

“लावता का?” काकूंनी विचारलं.

“तो आमच्या घरातला प्रश्न आहे.”

म्हातारी गेली. राहिली खुर्ची आणि शेजारी डबा. दरम्यान रंगारी तीनदा येऊन भिंतीला पांढरा हात मारून गेला होता आणि कचरा खिडकीच्या कठड्याला टेकला होता.

“सेक्रेटरी, एक विचारू?” काकू म्हणाल्या. “या कचऱ्याने अर्ज केला होता का हो?”

सेक्रेटरींनी मान खाली घालून पाचवं पत्र लिहिलं. या वेळी उत्तर जरा लांब होतं : ‘यात आता माझं काहीच उरलेलं नाही. हे चित्र तुमच्या कमिटीचं. माझ्या परवानगीची गरज नाही.’

सेक्रेटरी पांढऱ्या भिंतीशी स्पर्धा करू लागले. “मग आता परवानगी कोणाची घ्यायची?”

नियमाने उत्तर एकच होतं. चित्र कमिटीचं, तर परवानगी कमिटीची. त्यांनी कमिटीच्या नावे कमिटीला पत्र लिहिलं, कमिटीकडून पोच घेतली आणि बैठक बोलावली. परंतु स्वतःच्या अर्जावर स्वतः मत देता येत नाही. ज्यांनी ज्यांनी चित्राला हात लावला होता ते सगळे एकेक करून खोलीबाहेर गेले. सेक्रेटरींनी ‘उपस्थिती अपुरी’ अशी नोंद केली. मग सगळी पत्रं आपणच लिहिल्याचं आठवून तेही बाहेर गेले. आत पंखा तेवढा फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी सफाईवाल्यांना गाठून ढीग उचलायला लावला आणि घरातली खुर्ची ओढत आणून भिंतीपुढे मांडली. “चित्र व्हायचं तेव्हा होईल,” त्या म्हणाल्या. “तोवर मी बसते.”

थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्यावरचा एक रहिवासी पिशवी घेऊन आला आणि काकूंना बघून थबकला.

“काय टाकायला आलात?”

“काही नाही काकू. सहज फिरायला निघालो होतो.”

“पिशवी घेऊन?”

“तिलाही जरा हवा.”

हवा खाऊन पिशवी घरी गेली. त्यानंतर बऱ्याच पिशव्या हवा खाऊन घरी गेल्या. आठवड्याने काकूंनी खिडकी उघडली. ती उघडताना असा काही आवाज झाला, की वॉचमन जागा झाला. काकूंनी चित्रकार बाईंना कळवलं आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या.

दुपारी बाई आल्या. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे काकूंना खुर्चीतच डुलकी लागली होती. मांजराला अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. पिशव्या घेतलेले दोघे चवड्यांवर चालत परत निघाले होते. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी झोळीतून वही काढली.

काकूंनी एक डोळा उघडला.

“तुमचं चित्र काढू का?” बाईंनी विचारलं.

“काढा की. त्यात विचारायचं काय?”

पेन्सिल कागदाला टेकणार, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कोणीतरी खाकरलं.

“भिंत सोसायटीची आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “दोन प्रतींत अर्ज द्या. आणि मांजर घेणार असाल, तर खजिनदारांची वेगळी सही लागेल.”