चार ओल्या खुर्च्या

"आठ दिवस! फक्त आठ दिवस दे मला. नवव्या दिवशी या गल्लीतला कुत्रासुद्धा आपल्याला परकं समजणार नाही!" असं नकाशेवाल्याने बायकोला छाती फुगवून सांगितलं, त्याला त्या शनिवारी तीन आठवडे झाले. कुत्रा भुंकत नव्हता हे खरं. पण तो कुणावरच भुंकत नसे. दुपारी रस्त्याच्या मधोमध झोपे आणि सायकली त्याला वळसा घालून जात.

नकाशेवाला हे गल्लीने परस्पर ठेवलेलं नाव. मोठ्या शहरात वीस वर्षं पाण्याच्या नळांचे नकाशे काढून गडी या लहानशा गावातल्या कचेरीत बदलीवर आला होता. आणि तीही मागून घेतलेली बदली! आल्यापासून स्वारी अर्धी तरंगतच होती. इथे दुपार संपतच नसे. ऊन समोरच्या भिंतीवरून इतकं सावकाश उतरे, की बघता बघता डोळे मिटत, आणि उघडले तरी ते तिथंच असे. आपण जन्मभर घाई केली ती नेमकी कशासाठी, हेच त्याला आठवेना.

बायकोचं मात्र वेगळं होतं. शहरात ती मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसाला दोनशे माणसांशी बोलायची. इथे तीन आठवड्यांत दाराची कडी एकदाही वाजली नव्हती.

"अहो, काल मी दुधाच्या पातेल्याशी बोलत होते," ती म्हणाली.

"मग?"

"मग ते उतू गेलं. तेवढंच काय ते उत्तर मिळालं! उद्या संध्याकाळच्या पाच-चाळीसच्या गाडीने मी ताईकडे चाललेय. तुम्ही राहा तुमच्या उन्हात."

दाराशी भरलेली बॅग उभी होती. नकाशेवाल्याने ती पायाने हळूच आत सरकवली. तिच्याशिवाय त्याला हे ऊन नको होतं.

पण हार मानेल तो नकाशेवाला कसला! उद्या सकाळी अख्ख्या गल्लीला चहाला बोलवायचं, असा बेत त्याने मनातल्या मनात केला. अडचण एकच होती. चारही खुर्च्या ट्रकमध्ये खरचटून आल्या होत्या. बायको मागच्या खोलीत पडली आहे असं बघून त्याने वॉर्निशचा डबा फोडला. पहिला हात मारला, आणि एक ढग इतका संथ चालला होता की तो बघतच बसला. पहिला हात दिला की नाही हे विसरून दुसरा दिला, मग तिसरा. डब्यावर लिहिलं होतं, आठ तास वाळू द्या. "या उन्हात दोन तास पुरे!" म्हणत त्याने खुर्च्या दारासमोर ओळीने मांडल्या आणि स्वतः आत चटईवर पाच मिनिटांसाठी आडवा झाला.

आता गल्लीची एक रीत होती. दारात खुर्ची मांडली म्हणजे घरचे मोकळे आहेत, खुशाल या. खुर्ची नसली म्हणजे कामात आहेत, त्रास देऊ नका. साधी गोष्ट! इतकी साधी, की ती नव्या माणसाला सांगावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तीन आठवडे गल्ली या घराकडे डोळे लावून होती. आणि आज एक नाही, दोन नाही, चार खुर्च्या!

नकाशेवाला जागा झाला तो आवाजांनी. खिडकीतून बघतो तर दारासमोर ओळीने चार माणसं!

'मोर्चा!' त्याच्या शहरी मनाने ताडलं. 'नळ गेला असणार!' तो मागच्या दाराकडे सटकणार, इतक्यात त्याला हसू ऐकू आलं. बायकोचं! तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. ती उंबऱ्यावर बसून हातवारे करत दवाखान्यातले किस्से रंगवत होती. समोर ओळीने निवृत्त मुख्याध्यापिका बाई, स्टेशनमास्तर, शिवणकाम करणाऱ्या मावशी आणि औषधांच्या दुकानाचे काका.

"या, या नकाशेवाले!" बाई म्हणाल्या. "खुर्ची दिसल्याशिवाय आम्ही कुणाच्या दारी जात नाही हो. पण तुम्ही म्हणजे कमालच केलीत!"

खुर्ची! नकाशेवाल्याला वॉर्निश आठवलं. तेवढ्यात मावशी जराशा सरकल्या. खालून चर्र असा आवाज आला. मावशी घाईघाईने खोकल्या.

बायको त्याला आत घेऊन आली. तिचे डोळे लकाकत होते. "बघा ना, दीड तास झाला, उठायलाच तयार नाहीत! किती जीव लावतात!"

आता काय सांगणार कप्पाळ! त्याने चहा केला. मग पुन्हा केला. लोक इतके भिडस्त, की चौघांनाही वाटत होतं, चिकटलोय तो मी एकटाच! नव्या घराची अब्रू आपण कशी घालवायची? म्हणून चौघंही गोड हसत बसून होते. ऊन भिंतीवरून उतरत होतं आणि वॉर्निश घट्ट होत होतं.

स्टेशनमास्तरांना घाम फुटला होता. साडेपाच वाजून गेले.

"निघायला हवं," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"बसा हो मास्तर! गाडी काय पळून जातेय?" बायको म्हणाली.

"तेच तर तिचं काम आहे, वहिनी!"

लांबून शिट्टी आली आणि मास्तर उठले. खुर्चीसकट उठले! एका हाताने मागचे पाय सावरत, कुत्र्याला वळसा घालून ते स्टेशनाकडे धावत सुटले.

"म्हणजे," बाई हळूच म्हणाल्या, "माझीच एकटीची नाही तर!"

"तुमचीपण?" मावशी किंचाळल्या. काका नुसते मान डोलावत होते.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घालून सगळं कबूल केलं. आता हे लोक चिडणार, ही उद्या जाणार, संपलं! बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"चाळीस वर्षं मी मुलांना उठाबशा काढायला लावल्या," त्या म्हणाल्या. "आज मलाच उठता येईना!"

आणि त्या जे हसत सुटल्या! मावशी हसल्या, काका हसले, बायकोच्या डोळ्यांतून तर पाणी वाहायला लागलं. तिघंही आपापली खुर्ची घेऊन घरी गेली. मास्तरांनी खुर्चीसकट हिरवा झेंडा दाखवला, तेव्हा गार्डने म्हणे टोपी काढली.

रविवारची पाच-चाळीस तिच्याविना गेली. बॅग रिकामी झाली. खुर्च्या मात्र परत आल्या नाहीत. चौघांनी त्या सोडवून आपापल्या दारात मांडल्या, आणि बायको रोज आळीपाळीने त्यांवर जाऊन बसू लागली.

पुढच्या शनिवारी नकाशेवाला घरात एकटा होता. ढग मोठे सुरेख चालले होते आणि बसायला काही नव्हतं. त्याने रिकामी बॅग दारात आडवी टाकली, तिच्यावर बसला आणि तरंगू लागला.

पाच मिनिटांत स्टेशनमास्तर धापा टाकत आले. मागे बाई, मागे काका.

"बॅग बाहेर? वहिनी चालल्या? आम्ही जाऊ देणार नाही!"

"छे हो, ती मावशींकडे बसलीय."

"मग कोण, तुम्ही चाललाय?"

नकाशेवाला गहिवरला. शेवटी या गावाने त्यालाही आपलं म्हटलं होतं!

"म्हणजे एकटे तुम्हीच ना?" मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मग हरकत नाही. सावकाश या!"